एक पान घेऊन जा

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. मी म्हटलं, बाबांनो, रोज दहा तास कॉम्प्युटरपुढं बसते, इथं येऊनही तेच? त्यावर फोनवरून उत्तर आलं, "मग तुला येतंय ते बोल की. पण पंधरा मिनिटांत आवर. मागं जेवणाची पंगत आहे." म्हणून मी अशा गोष्टीवर बोलणार आहे, जी मला फार उशिरा आली आणि जिच्यात इंजिनिअरिंगची पदवी असूनही मी आधी सपशेल नापास झाले. ब्रह्मकमळ कसं जगवायचं, ही ती गोष्ट.

शाहूपुरीत वाढलेल्यांना ब्रह्मकमळ काय ते सांगायला नको. कुंभार गल्लीच्या अलीकडं आमचं घर होतं, अजून आहे. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, मोठ्या मातीच्या कुंडीत ते झाड होतं. वर्षातले अकरा महिने त्याच्याकडं बघवत नसे. लांबलचक चपटी पानं वाटेल तशी वाढलेली, सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेली. पाहुणे म्हणायचे, "हे कशाला ठेवलंय?" आई म्हणायची, "असू दे." आणि मग जुलैमध्ये एखाद्या संध्याकाळी ती अंगणातून आत यायची आणि बाबांना सांगायची, "आज उमलणार." बाबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी होते, दिवसभर आकड्यांत असायचे. तेही त्या रात्री जेवण लवकर उरकायचे.

मग माझं काम सुरू. गल्लीत दारं वाजवत जायचं. "काकू, आमच्याकडं आज ब्रह्मकमळ उमलतंय, नऊनंतर या." काकू स्वतः यायच्या, शिवाय त्यांच्याकडं आलेली नणंद, नणंदेची सासू, सगळ्यांना घेऊन यायच्या. कुणी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, कुणी उदबत्ती घेऊन. पाऊस असेल तर इरली, छत्र्या, पोती, जे हाताला लागेल ते डोक्यावर. आई पातेलंभर दूध आटवायला ठेवायची. आठ वाजता कळीचं टोक जरा सैल व्हायचं. साडेनऊला अर्धी वाटी. अकरा-बाराला संपूर्ण फूल, नळीसकट वीतभराहून मोठं, पांढरंशुभ्र, आत पुंकेसरांचा झुबका आणि मधोमध चांदणीसारखा स्त्रीकेसर. वास सगळ्या अंगणात. आणि सकाळी सहाला पाहावं तर ओल्या फडक्यासारखं लोंबतंय.

नववीत असताना ते लोंबणारं फूल मी डब्याच्या पिशवीत घालून शाळेत आणलं होतं. विज्ञानाच्या बाई इथंच पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांना आठवतं का माहीत नाही. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हे म्हणजे लग्न लागून गेल्यावर मांडव दाखवायला आणलास." पुढच्या कळीला बाई स्वतः आमच्या घरी आल्या, रेनकोट घालून, हातात बॅटरी घेऊन. त्या रात्री त्यांनी आम्हा चार-पाच पोरींना जे सांगितलं, त्यातलं बरंचसं मला पुढं स्वतः चुकून पुन्हा शिकावं लागलं.

पहिली गोष्ट, हे खरं ब्रह्मकमळच नव्हे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, साधारण चार हजार मीटर उंचीवर होतं. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं, आणि उत्तराखंडाचं ते राज्यफूल आहे. आपल्या अंगणातलं झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. एपिफायलम म्हणजे पानावर येणारं. फूल पानाच्या कडेतून फुटतं, म्हणून ते नाव पडलं. पण गंमत अशी की ते पानही पान नव्हे. तो चपटा झालेला दांडा आहे. निवडुंगात खोडच पानाचं काम करतं. म्हणजे ज्याला आपण ब्रह्मकमळाचं पान म्हणतो त्यात ब्रह्माही नाही, कमळही नाही आणि पानही नाही. तरी मी आज त्याला पानच म्हणणार आहे, कारण आई पान म्हणते.

दुसरी गोष्ट, हे फूल बारा वर्षांनी येतं, वर्षातून एकदाच येतं, या सगळ्या ऐकीव गोष्टी. झाड सुखात असेल तर पावसाळ्यात दोन-तीन बहर येतात. एका रात्री वीस-पंचवीस फुलंही उमलतात, मग पेपरच्या स्थानिक पानावर फोटो येतो.

तिसरी गोष्ट रात्रीची. वाळवंटातली आणि कोरड्यात राहणारी झाडं दिवसा आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गार झालं की ती उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. सकाळी उजेड आला की त्या साठ्यावर अन्न तयार करतात. निवडुंगाचं कुळ असं रात्रपाळीचं. आणि फूल रात्री का, तर त्याचं गिऱ्हाईक रात्रीचं. लांब सोंडेचे मोठे पतंग अंधारात हिंडतात. त्यांना दिसावं म्हणून रंग पांढरा, दुरून कळावं म्हणून वास, आणि त्यांच्या सोंडेच्या मापाची लांब नळी.

आता माझी नापास होण्याची गोष्ट.

२०१४ साली बाबा गेले. आई म्हणाली, मी शाहूपुरी सोडणार नाही. मी पुण्यात, माझी नोकरी, मुलगी लहान. निघताना आईनं वर्तमानपत्रात गुंडाळून झाडाचं एक लांब पान दिलं. मी ते लावलं, रुजलं, वर्षभरात चांगलं फोफावलं. आणि मग मला वाटलं, आपण इंजिनिअर आहोत. कुंडीत मातीची ओल मोजणारा सेन्सर पुरला. छोटा पंप, ठिबकची नळी, टायमर. रोज सकाळी आपोआप पाणी. ओल कमी झाली की फोनवर सूचना. ऑफिसात मित्रांना मी तो डॅशबोर्ड दाखवायचे. सगळे आकडे हिरवे. झाड मात्र पिवळं पडत चाललं होतं. मी म्हटलं, खत कमी पडत असेल, युरिया घातला.

आई दिवाळीला आली. आल्या आल्या गॅलरीत गेली, बुंध्याशी दोन बोटं घातली, वास घेतला. बुंधा काळा पडून मऊ झाला होता. माझ्याकडं वळून म्हणाली, "अगं, पाण्यानं मारलंस की याला! इतकं कुणी जपतं का?"

त्या वाक्यानं मी फार दुखावले, कारण त्या वर्षी मी आईलाही तसंच जपत होते. सकाळी फोन, दुपारी फोन, रात्री व्हिडिओ कॉल. औषधाच्या वेळेला गजर. घरात कॅमेरा लावू का, म्हणून विचारलं होतं. ती झाडाबद्दलच बोलली असेल, पण मी दोन्ही ऐकलं.

माझी चूक काय झाली ते पुढं वाचून आणि विचारून कळलं. निवडुंग म्हटलं की आपण दोन टोकांना जातो. काहीजण त्याला वाळवंटातला समजून रणरणत्या उन्हात ठेवतात, मग पानं भाजून पिवळी-तांबूस होतात. काहीजण, माझ्यासारखे, त्याला जास्वंदीसारखं रोज पाणी घालतात. हे झाड वाळवंटातलं नाही. ते दमट जंगलात मोठ्या झाडांच्या बेचक्यात राहतं. तिथं साठलेल्या पालापाचोळ्यात त्याची मुळं असतात. पाऊस पडतो, पाणी निथळून जातं, वारा लागतो, मुळं सुकतात, पुन्हा पाऊस. वरून फांद्यांची सावली. झाडाला हवंय ते एवढंच. आईला मेक्सिको माहीत नव्हतं, पण पत्र्याच्या कडेला, सकाळचं दोन तास ऊन आणि मग सावली, अशी जागा तिनं बरोबर हेरली होती.

खऱ्या वाळवंटातला याचा भाऊबंदही आहे. कामासाठी मी काही महिने अमेरिकेत ॲरिझोनात होते. तिथं सोनोराच्या वाळवंटात एक निवडुंग असतो, पेनिओसेरियस ग्रेगाय. दुसऱ्या झुडपाच्या आडोशाला वाळक्या काटकीसारखा उभा असतो. शेजारून गेलात तरी दिसणार नाही. जमिनीखाली मात्र त्याचा रताळ्यासारखा मोठा कंद असतो. पाण्याची सगळी शिल्लक तिथं. उन्हाळ्यात एका रात्री त्या काटकीला पांढरं मोठं फूल येतं आणि सकाळी मिटतं. टक्सन गावात टोहोनो चूल नावाची बाग आहे. तिथले लोक कळ्यांवर नजर ठेवून असतात, आणि रात्र ठरली की बाग लोकांसाठी उघडी ठेवतात. त्या रात्रीचं वर्णन माझ्या सहकारी बाईनं मला सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा परदेशात शाहूपुरीची आठवण येऊन रडू आलं. तिथंही लोक लहान मुलांना उठवून नेतात म्हणे.

आणि इतक्या लांब कशाला? आपल्या शेजारी, जत-आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला, सिमेंटच्या खांबांवर चढवलेली ड्रॅगन फ्रूटची शेतं पाहिलीत ना? तेही याच कुळातलं. त्यालाही रात्रीच असं पांढरं फूल येतं. गुजरात सरकारनं २०२१ साली त्या फळाचं नाव 'कमलम' ठेवलं. म्हणजे निवडुंगाला कमळ म्हणायची हौस आपल्याला एकट्यालाच नाही.

आता २०१९. ऑगस्टचा तो आठवडा इथल्या कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याचं पाणी मागं फिरलं आणि आमच्या गल्लीत शिरलं. गणपती महिन्यावर आले होते, शेजारी कुंभार गल्लीत मूर्ती तयार होत होत्या. आईला राजारामपुरीत मावशीकडं नेलं. मी पुण्याहून निघू शकत नव्हते, हायवे बंद. पाणी ओसरल्यावर पोचले, तेव्हा घरात भिंतीवर माझ्या खांद्याइतकी रेघ होती. अंगणात कुंड्या आडव्या पडल्या होत्या. त्यात गाळ असा बसला होता की उलटी केली तरी माती सुटेना. ते झाड गेलं. आईनं ते १९८६ साली लावलं होतं. रेल्वे क्वार्टर्समधल्या एका काकूंची बदली झाली, त्या सामान बांधताना आईच्या हातात एक पान देऊन गेल्या होत्या. तेहतीस वर्षं झाली होती.

आई त्याबद्दल काही बोलली नाही. भांडी घासली, कपाटं उन्हात टाकली, बाबांच्या वह्या एकेक पान सुटं करून वाळवल्या. कुंडी भंगारवाल्याबरोबर गेली. दिवाळीत मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "आई, झाडाचं फार वाईट वाटलं गं." ती म्हणाली, "झाड गेलं कुठं? दिलंय की मी लोकांना." आणि बोटांवर मोजायला लागली.

अकरा घरं निघाली. तिनं कुणाकुणाला पान दिलं, कोणत्या वर्षी, कोण कशासाठी आलं होतं, सगळं तोंडपाठ. आमच्या धंद्यात एक नियम आहे. जी माहिती एकाच जागी आहे ती गेलीच म्हणून समजा. तिच्या प्रती दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब ठेवायच्या. मी वीस वर्षं लोकांच्या माहितीच्या अशा प्रती ठेवण्याचा पगार घेते. आणि माझ्या आईनं ते काम फुकट, हळदीकुंकवाच्या वेळी करून ठेवलं होतं.

मी यादी केली आणि स्कूटर काढली. अकरापैकी तीन घरं विकून माणसं गावाबाहेर गेलेली. तीन ठिकाणी झाड आधीच मेलेलं, त्यात एक माझं. तीन झाडं आमच्यासारखीच पुरात गेली. उरली दोन. एक राजारामपुरीत एका आजींकडं. त्या घरी नव्हत्या. आणि दुसरं कुणाकडं माहीत आहे? आपल्याच वर्गातल्या, तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडं. ती आज इथं आहे, लाजू नकोस. नववीत, बाई बॅटरी घेऊन आल्या त्या रात्री, तीही आली होती. जाताना आईनं तिच्या हातात पान दिलं. तिनं ते माहेरी लावलं, लग्न झाल्यावर सासरी नेलं. पंचवीस वर्षं आम्ही दोघी नीट बोललोही नव्हतो. मी दारात उभी राहिले, तर तिनं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "ब्रह्मकमळाचं पान मागायला आलेय." मग ओळखलं. मला आत बसवून चहा टाकला आणि कात्री घेऊन आली.

इथं एक गोष्ट सांगते. आपल्याकडच्या या झाडाला फळ धरलेलं मी पाहिलेलं नाही. ते वाढतं ते पानानं पान देऊनच. म्हणजे तिच्या घरचं झाड आमच्या झाडाची पोर नव्हे. तेच झाड. रेल्वे क्वार्टर्समधल्या काकूंचंही तेच.

लावायचं कसं, ते आता सांगते, कारण शेवटी त्याचा उपयोग आहे. पान कापलं की लगेच लावायचं नाही. आठवडाभर सावलीत तसंच ठेवायचं, कापलेली कड सुकून पापुद्रा धरला पाहिजे. ओली कड मातीत गेली की कुजते. कुंडी लहान घ्या, मातीची, खाली भोक मोठं. या झाडाला मुळं जरा दाटीनं असलेली आवडतात. मोठ्या कुंडीत पाणी साचतं आणि फूल लांबतं. नुसती काळी माती नको. निम्मी माती, बाकी विटांचे बारीक तुकडे, नारळाच्या शेंड्या, कुजलेला पालापाचोळा, मूठभर जुनं शेणखत. कडेचा जो भाग झाडावर खाली होता तोच खाली, दोन-तीन बोटं खोल. आधाराला काठी. पाणी केव्हा, तर बोट घालून पाहा, वरची दोन पेरं कोरडी लागली तरच. थंडीत आणखी कमी. युरिया नको, त्यानं पानंच पानं होतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्यानं पुसून काढा. आणि दोन-तीन वर्षं फुलाचं नाव काढू नका.

कळी धरली की कुंडीची जागा बदलू नका. कळी तीनेक आठवडे वाढते, आधी खाली लोंबते. मग देठ वळून टोक वर येतं, पूर्वीच्या हुक्क्याच्या नळीसारखं. ती फुगली की एक-दोन दिवसांत रात्र आली म्हणून समजा.

मी ते पान फेब्रुवारी २०२० मध्ये शाहूपुरीच्याच अंगणात लावलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मी मुलीला घेऊन दीड वर्ष इथूनच काम केलं. टायमर नाही, सेन्सर नाही. आईच्या पाठीमागं उभी राहून ती केव्हा पाणी घालत नाही, ते बघायला शिकले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. या वेळी आम्ही आधी कुंडी गच्चीवर नेली, मग गॅसची टाकी.

जुलै २०२२ मध्ये पहिली कळी आली. मी पुण्याहून रजा काढून आले. तिपाईवर मोबाईल लावला, दर मिनिटाला एक फोटो, अशी सगळी तयारी. आई म्हणाली, "आधी दारं वाजवून ये." मी निघाले. पण गल्लीत आता निम्मी अपार्टमेंट आहेत. खाली वॉचमन विचारतो, कुणाकडं जायचंय, फ्लॅट नंबर काय. मला कुणाचाच नंबर माहीत नव्हता. शेवटी व्हॉट्सॲपवर टाकलं. चारजण आले. आईनं पातेलंभर दूध आटवलं होतं, ते उरलं. साडेदहाला माझ्या मोबाईलची बॅटरी संपली आणि अर्ध्या उमललेल्या फुलावर चित्रफीत थांबली. मी चार्जर शोधायला पळणार, तर आईनं हात धरून खाली बसवलं. दिवा मालवला. बाराला पूर्ण फूल उमललं, तोवर आम्ही तिघी अंधारात बसून होतो. माझी मुलगी शेवटी आजीच्या मांडीवर झोपली होती.

पुढच्या वर्षी मी फ्लॅटनंबर गोळा करून ठेवले. चौदाजण आले. गेल्या वर्षी दूध पुरलं नाही.

आई आज आलेली नाही, गुडघे दुखतात. पण तिनं सकाळी बसून अठ्ठावीस पानं कापली आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीत. ती दाराशेजारच्या टेबलावर आहेत, विज्ञानाच्या बाईंचं वेगळं ठेवलंय. मी एक वही ठेवली आहे, तिच्यात नाव आणि कोणत्या गावी नेताय ते लिहा. पुढच्या पुरात आमचं गेलं तर मला मागायला यायचंय.

आणि आज रात्रीच लावू नका. आठवडाभर थांबा.